शंखाला लिंबू

माझ्या नातीच्या, हेतलच्या, आठवीच्या विज्ञानाच्या वहीत मागची बरीच पानं कोरी राहिली होती. वही उलटी धरून मी तिथून लिहायला घेतलं आहे. पुढून तिचा समुद्र आणि मागून मी. लहानपणाचं लिहायचं असं ठरवलं होतं, पण लहानपण तीन पानांतच संपलं. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरच्या बाजूला आमचं माहेर. साखर कारखान्याच्या भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं, आणि हंगामात मळीचा वास इतका की पावसाळ्यात तो बंद झाला की काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं. चौथीपर्यंत शाळा झाली. पाचवीची शाळा लांब होती आणि घरची गुरं जवळ होती, म्हणून पाचवी राहिली. त्यानंतर माझी उंची वाढली, वेणी वाढली, पण बाकीची मी चौथीतच राहिले. पुढचं वाढणं झालं ते थेट पन्नाशी ओलांडल्यावर, तापीकाठच्या कोरीट गावातल्या या घरात, नातीच्या शाळेच्या कामातून. म्हणून हे प्रकरण लहानपणाच्या लिखाणात घालते आहे. कोणाला ते चुकीच्या जागी वाटेल तर वाटो, वही माझ्या गादीखाली असते.

मला बोलायची लाज वाटते, हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. दुकानात मी वस्तूकडे बोट दाखवते. लग्नात नाव घ्यायला सांगितलं तेव्हा मी इतका वेळ गप्प उभी राहिले की शेवटी नणंदेनंच माझ्या वतीनं आपल्या भावाचं नाव घेतलं आणि मंडळी जेवायला बसली. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांच्यासमोर माझं बोलणं म्हणजे ‘हो’, ‘आणते’ आणि ‘झालं’. या तीन शब्दांवर मी पस्तीस वर्षं संसार केला आणि काही अडलं नाही. आत्याबाईंना चौथा शब्द ऐकायची सवय नव्हती, त्या स्वतःच भरपूर बोलत.

लग्न होऊन आले तेव्हा आठवड्याभरात त्यांनी मला देवघराचं काम दिलं. आमच्याकडे दशमीला दुपारी देव उजळायचे, म्हणजे एकादशीला ते झळझळीत दिसतात. पितळेचा बाळकृष्ण, गरुड असलेली घंटा, समई, ताम्हण, सगळं चिंचेच्या कोळानं घासायचं आणि राखेनं पुसायचं. शंखाचा मान वेगळा. तो सासऱ्यांनी द्वारकेहून आणलेला, दोन ओंजळींत मावेल एवढा, पाठीवर बोटांसारखी टोकं आणि आतून गुलाबी. त्याला चिंच नाही, लिंबू. आत्याबाईंनी समोर बसवून शिकवलं होतं.

“वहू, शंखले निंबू लाव, पन हात हलका ठेव. आनि मंग येक घडी तसाच राहू दे. कान दीसन आयक, तो बोलस.”

मी कान दिला. खरंच बोलत होता. अगदी बारीक चर्र चर्र असा आवाज, लांब कोणीतरी पुटपुटत असल्यासारखा, आणि अंगावर पांढरा बारीक फेस. आत्याबाईंनी हात जोडले. शंखात समुद्र असतो आणि आंघोळ घातली की तो देवाचं नाव घेतो, असं त्यांच्या सासूबाईंनी त्यांना सांगितलं होतं. मीही हात जोडले. दर दशमीला दुपारी सगळे झोपले की मी आणि शंख, दोघंच असायचो. घरात मी ज्याचं बोलणं एवढं लक्ष देऊन ऐकलं असं दुसरं कोणी नाही. मला तर वाटायचं, बोलायची लाज असलेल्या बाईसाठी देवानं मुद्दाम हळू बोलणारं माणूस ठेवलं आहे.

तर या शंखाला पुढे उतरती कळा लागली. एकदम काही झालं नाही. आधी त्याची चकाकी गेली. मग पाठीवरची टोकं बोथट होत होत नुसते उंचवटे राहिले. ओठाची कड इतकी पातळ झाली की उजेडात धरली तर आतून माझी बोटं दिसायची. आमचे हे संध्याकाळी आरतीनंतर शंख फुंकतात. सुरुवातीला तो आवाज नदीपलीकडे जायचा म्हणे. नंतर नंतर तो बकरीच्या पिल्लानं आईला हाक मारावी तसा यायला लागला. शेजारची मुलं आरतीची वेळ धरून ओट्यावर हसायला जमत.

आत्याबाईंनी शोध सुरू केला. पहिला नंबर यांचा लागला. “तंबाखूना तोंडघाई शंख वाजाडस, मंग शंख झिजाव नही तं काय?” झालं, यांनी देवासमोर तंबाखू सोडली. तरी शंख झिजतच राहिला, तेव्हा योगेशची, माझ्या मुलाची पाळी आली. आमच्या घरात मांस-मच्छी तर सोडाच, अंड्याचं नाव काढत नाहीत. चातुर्मासात कांदासुद्धा गोठ्यातच थांबतो. आत्याबाईंनी योगेशला देवघरासमोर उभं केलं आणि विचारलं, “बाहेर काय खादं, सांगी दे.” तो बिचारा दोन मिनिटंही टिकला नाही. नंदुरबारच्या स्टॅंडजवळ मित्राबरोबर एकदा आमलेट खाल्लं होतं, ते कबूल करून मोकळा झाला. त्यानं सोळा सोमवार धरले. शंख सतराव्या सोमवारी आणखी थोडा पातळ दिसला. हे सगळं चालू असताना मी तिथेच खांबाला टेकून उभी असायची आणि मनात म्हणायची, आपण तरी त्याची नीट सेवा करू. आणि पुढच्या दशमीला दोन लिंबं पिळायची.

हे लिहिताना आत्ता सुद्धा माझे कान गरम झाले आहेत.

हेतल आठवीत होती तेव्हाची गोष्ट. ती योगेशची मुलगी. तिची आई नंदुरबारला दवाखान्यात नोकरीला, सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची, म्हणून हेतलचं जेवण, वेणी आणि गृहपाठ माझ्याकडे. गृहपाठात माझा वाटा एवढाच की ती मोठ्यानं वाचायची आणि मी भाकरी थापता थापता हुंकार द्यायची. एका रात्री सगळे जेवायला बसलो होतो. दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, भाकरी होत्या, बेसनाच्या डुबुकवड्यांची झणझणीत भाजी होती, बरोबर हिरवा ठेचा. सगळे खुशीत होते. तेवढ्यात हेतल म्हणाली, “माले येक अंडं जोयजे.”

भाजी भुरकायचा आवाज एकदम थांबला. योगेशनं मान खाली घातली, जुनी जखम होती.

“काय जोयजे?” आत्याबाईंनी विचारलं.

“अंडं. खावाले नही, मोठी आजी. प्रयोगले. सरांनी सांगं शे. आंबट पानीमा ठेवनं की त्यानं कवच विरघळी जास.”

“सरले सांग, या घरमा कोंबडी बी दारवरथून मान खाली घालीसन जास.”

मग हेतलनं ताट बाजूला सारून आम्हाला समजावलं. समजावताना ती शाळेच्या भाषेत शिरते, उभं राहून बोलल्यासारखी. कारखाने, गाड्या, जाळलेला पाला, या सगळ्याचा धूर वर जातो. त्यातला एक वायू समुद्र पिऊन घेतो. तो पाण्यात मिसळला की पाणी आंबटाकडे झुकतं. समुद्रात शिंपले, शंख, पोवळी यांची घरं चुनखडीची असतात. आंबटाकडे झुकलेल्या पाण्यात ती घरं बांधायला त्यांना जड जातं, आणि बांधलेली झिजायला लागतात. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला ती हा विषय घेऊन जाणार होती. शाळेतून एकच प्रयोग जाणार होता आणि सरांनी तिचा निवडला होता.

“समुद्र आंबट व्हई ऱ्हायना?” आत्याबाई म्हणाल्या. “तो तं खारा शे. आंबट-खारा म्हंजे लोणचं व्हयनं.”

“चवीला नाही कळत, मोठी आजी. जिभेला कळण्याइतकं नाही ते.”

“जिभले नही कये, मंग सरले कसं कयनं?”

यावर हेतलकडे उत्तर होतं, पण ते आकड्यांचं होतं आणि भाजी थंड होत होती.

अंड्याचं काही जमणार नव्हतं, तेव्हा रविवारी ती आणि मी तापीवर गेलो. पाणी उतरलं की वाळूत शिंपल्या आणि गोगलगाईंची रिकामी घरं पडलेली असतात. लहान मुली त्यांनी भातुकली मांडतात. आम्ही परकराचा ओचा भरून आणल्या, म्हणजे हेतलनं ओढणीत आणल्या आणि मी पदरात. योगेशनं चायनीजच्या गाडीवाल्याकडून व्हिनेगरची बाटली आणली. आत्याबाईंनी तिचं बूच उघडून वास घेतला आणि अर्धा तास योगेशच्या चालीकडे निरखून पाहिलं. ओट्यावर, देवघराच्या खिडकीखाली, हेतलनं काचेचे ग्लास मांडले.

प्रयोगाचे दोन भाग होते. पहिला, श्वासातल्या वायूनं पाणी कसं बदलतं ते दाखवायचा. त्याला हळद आणि चुना लागत होता. हळदीत चुना पडला की लाल होतं, हे कुंकवामुळे घरातल्या बायकांना ठाऊकच असतं. हळद होती. चुना कुठून आणायचा, पानतंबाखू तर घरातून कधीच हद्दपार झालेली. हेतल म्हणाली, आता चुन्यासाठी पुन्हा दुकानापर्यंत जावं लागणार. तेव्हा कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या यांनी न बोलता बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि दोन तोंडांची डबी काढून ओट्यावर ठेवली. एका तोंडात ताजा ओला चुना होता. दुसऱ्या तोंडात काय असतं ते सगळ्यांना माहीत होतं.

आत्याबाईंनी डबीकडे पाहिलं. मग मुलाकडे पाहिलं. तंबाखू सोडल्याला आठ वर्षं झाली होती.

“चुना जुना शे,” हे म्हणाले.

“दिखस,” आत्याबाई म्हणाल्या.

पुढे यांना शिक्षा म्हणून नळीनं ग्लासात फुंकायला लावलं. हळदीच्या पाण्यात अगदी किंचित चुना कालवलेला, पाणी कुंकवासारखं लाल. हे गाल फुगवून फुंकत राहिले, बुडबुड बुडबुड, आणि बघता बघता लाल पाणी परत पिवळं झालं. शंखाच्या आवाजावरून ज्यांच्या छातीला आठ वर्षं नावं ठेवली गेली त्यांनी आपल्या श्वासानं पाण्याचा रंग बदलून दाखवला. हे इतके खूश झाले की त्यांनी आणखी दोन ग्लास मागितले.

दुसरा भाग साधा होता. हेतलनं एका ग्लासात व्हिनेगर घेतलं, दुसऱ्यात लिंबाचा रस, तिसऱ्यात साधं पाणी. तिन्हींत एकेक शिंपली सोडली. “आजी, इकडे ये, कान लाव,” ती मला म्हणाली. मी लिंबाच्या ग्लासाला कान लावला.

चर्र चर्र.

बारीक, लांबून कोणी पुटपुटावं तसं. आणि शिंपलीच्या अंगावर पांढरा बारीक फेस.

मी कान काढला नाही. वाकलेली तशीच राहिले. हेतलला वाटलं, आजीला फार आवडलं. माझ्या डोळ्यांसमोर पस्तीस वर्षांच्या दशम्या एकामागून एक येत होत्या आणि प्रत्येकीच्या हातात लिंबू होतं. मला दुसरं कोणी समजावायची गरज नव्हती. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, म्हणून आपण भांड्याला कल्हई करतो. आंबट खातं, हे मला दहाव्या वर्षापासून माहीत होतं. पण ताकाचं ज्ञान मी स्वयंपाकघरात ठेवलं होतं आणि देवघरात जाताना चपलांसारखं बाहेर काढून जात होते. शंख नाव घेत नव्हता. मी त्याला पंधरवड्यातून एकदा थोडा थोडा विरघळवत होते, आणि तो विरघळतानाचा आवाज ऐकून हात जोडत होते.

यांची तंबाखू आठवली. योगेशचे सोळा सोमवार आठवले. मी उठून आत गेले आणि भगर निवडायला घेतली. भगर आधीच निवडलेली होती.

सांगायला हवं होतं, पण कसं सांगणार. माझ्याजवळ तीनच शब्द. ‘हो’, ‘आणते’, ‘झालं’. यातला ‘झालं’ जवळचा होता, पण तेवढ्यानं भागलं नसतं. मी मनाशी ठरवलं की बोलायचं नाही, फक्त लिंबू बंद करायचं. पुढच्या दशमीला मी शंख नुसत्या पाण्यानं धुतला, मऊ फडक्यानं टिपला आणि पाटावर ठेवला. आत्याबाईंची पाठ दुखत होती म्हणून त्या नेमक्या तिथेच भिंतीला टेकून बसल्या होत्या. वयानं त्यांचे गुडघे गेले होते, कान मात्र तेव्हा मांजरासारखे.

“वहू, शंख बोलना नही आज.”

त्यांनी शंख उचलून कानाशी धरला. फिरवला. दुसऱ्या कानाशी धरला.

“मुका व्हई गया,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की घरात कोणी गेल्यासारखं वाटलं. सासऱ्यांनी आणलेली ती एकच वस्तू त्यांच्याजवळ राहिली होती, हे मी तोवर कधी लक्षात घेतलं नव्हतं.

मग त्यांची नजर खिडकीतून ओट्यावर गेली. तिथे हेतलचे ग्लास. व्हिनेगरचा वास. अर्ध्या विरघळलेल्या शिंपल्या. त्यांनी तिथल्या तिथे निकाल लावला. नदीवरून मेलेल्या जीवांची घरं आणून देवाच्या खिडकीखाली आंबवली, म्हणून शंख मुका झाला. “हाऊ बठ्ठा पसारा उकिरडावर फेकी ये. परदर्शन-बिरदर्शन काही नही. येकादशी उद्या शे, तेना पह्यले घर साफ जोयजे.”

प्रदर्शन परवा होतं. हेतल शाळेतून आली आणि तिला हे कळलं. ती रडारड करणारी मुलगी नाही. तिनं दप्तर ठेवलं, एक ग्लास उचलला आणि उकिरड्याच्या दिशेनं चालायला लागली. तिची पाठ मी पाहिली. पाचवीची शाळा लांब आहे असं आमच्या घरी सांगितलं त्या दिवशी मीही काही बोलले नव्हते. पाटी फळीवर ठेवली होती आणि गुरांमागे गेले होते. माझी पाठ अशीच दिसली असेल.

“हेतल, थांब,” मी म्हणाले.

आवाज एवढा मोठा आला की यांनी पेपर खाली घेतला. आत्याबाईंनी दाराकडे पाहिलं, बाहेरचं कोणी आलं की काय.

त्यापुढचं बोलणं मला सुचेना, म्हणून मी हातांनी केलं. ताम्हण आणलं. आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवलं. एका बाजूला शंख आणि एका बाजूला तापीतली शिंपली. एक लिंबू कापलं आणि दोन्हींवर अर्धं अर्धं पिळलं.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “जराखं कान लावा.”

त्या वाकल्या. शंख बोलायला लागला. त्यांचा चेहरा उजळला. मग मी ताम्हण फिरवलं आणि शिंपली त्यांच्या कानाखाली आणली. तीही बोलत होती. तेच, तसंच, त्याच आवाजात. तापीतली, कोणी कधी पूजा न केलेली शिंपली.

आत्याबाईंनी कान शिंपलीवरून शंखाकडे नेला आणि परत शिंपलीकडे आणला. मग सरळ बसल्या.

“ताक पितळले खास, तसं?” त्यांनी विचारलं.

“हो,” मी म्हणाले. शेवटी माझा शब्द उपयोगी पडला.

“पह्यलाथीन?”

“हो. दर दशमीला. मीच.” आणि मग साचलेलं सगळं बाहेर आलं. यांचा दोष नाही, योगेशचा नाही, हेतलच्या शिंपल्यांचा नाही. टोकं मी खाल्ली, कड मी पातळ केली, आज बोलला नाही कारण आज मी लिंबू लावलं नाही. एवढं सलग मी आयुष्यात कधी बोलले नव्हते, मधे श्वास घ्यायचा असतो हेही विसरले.

पहिले हे बोलले. “म्हंजे मी आठ वरीस चोरीसन तंबाखू खादी, ती उगीच?”

“आनि मन्हा आमलेटना शंखशी काही संबंध नव्हता?” योगेशनं विचारलं.

“शंखशी नव्हता,” आत्याबाई म्हणाल्या. “पापशी शे.” मग माझ्याकडे वळून, “निंबू लावाले कोनी सांगं व्हतं तुले?”

मी खाली पाहिलं. चौथीतलं सगळं धैर्य गोळा करून म्हणाले, “तुम्ही.”

“आनि माले मन्ही सासूनी,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी पदरानं शंखावरचं लिंबू पुसायला घेतलं, आधी हळू आणि मग घाईघाईनं, तान्ह्याच्या तोंडावरचं दूध पुसावं तसं. पुसता पुसता म्हणाल्या, “पोर, तो गलास परत आन. उकिरडावर काय करस उभी?”

प्रदर्शनाला आम्ही सगळे गेलो. मला जायचं नव्हतं, पण आत्याबाई निघाल्या आणि त्यांना धरायला कोणीतरी हवं होतं. शंख त्यांनी नव्या खणात गुंडाळून मांडीवर घेतला होता. हेतलच्या टेबलावर तीन ग्लास, हळदीचं लाल पाणी, रंगीत समुद्राचं चित्र, आणि मधोमध शंख. परीक्षक म्हणून एक चष्मेवाल्या मॅडम आल्या. हेतलनं शाळेच्या भाषेत सगळं सांगितलं, एकदाही अडखळली नाही. मॅडमनी शंख हातात घेतला, उजेडात धरला, ओठातून त्यांची बोटं दिसली. विचारलं, “हा इतका कसा झिजला?”

हेतलनं तोंड उघडायच्या आत आत्याबाई खुर्चीवरून बोलल्या, “पस्तीस वरीस लागनात आमले. दुसरा पोरेंना प्रयोग आठ दिनना शेतस. आमना घरना पस्तीस वरीसना शे.”

“प्रयोग कोणी केला?”

“हायी. मन्ही वहू. चौथी पास शे.” आणि त्यांनी माझ्या दंडाला धरून मला पुढे ओढलं. त्या दिवशी त्यांचे गुडघे दुखत होते, पण हाताला जोर चांगला होता.

मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. मागे शाळेचे सर, चार-पाच मुलं. मी पदर सारखा केला. काहीतरी बोलणं भाग होतं, नाहीतर नणंदेला बोलवावं लागलं असतं. मी म्हणाले, “मी पंधरा दिवसांतून एकदा लिंबू लावायची. मधले दिवस शंखाला सुट्टी असायची. तरी त्याचं असं झालं. समुद्रातल्यांना सुट्टी नाही.”

मॅडमनी ते कागदावर लिहून घेतलं. माझं वाक्य दुसऱ्यानं लिहून घेतल्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग, म्हणून इथे लिहून ठेवते.

पहिला नंबर आपोआप बंद होणाऱ्या नळाला गेला. हेतलला उत्तेजनार्थ मिळालं. आत्याबाई माझा हात धरून त्या नळापर्यंत चालत गेल्या, त्यांनी तो उघडला आणि वाट पाहिली. तो बंद झाला नाही. गावात पोहोचेपर्यंत त्यांनी हे जीपमधल्या सगळ्यांना सांगितलं.

तेव्हापासून आमच्या घरी समुद्राचा कारभार आत्याबाईंकडे आला. योगेश अंगणात मोटारसायकल चालू ठेवून फोनवर बोलत राहिला की आतून आवाज यायचा, “बंद कर ती गाडी. समुद्रना शंख काय तुन्हा बापना शेतस?” तुन्हा बाप म्हणजे त्यांचाच मुलगा, पण रागात त्या ते पाहत नसत. यांची तंबाखू उघड्यावर आली. चोरी संपल्यावर तिची चव गेली म्हणाले, आणि वर्षभरात खरोखरच सुटली. शंख आता नुसत्या पाण्यानं धुते. संध्याकाळी हे फुंकतात आणि बकरीचं पिल्लू आईला हाक मारतं. मुलं अजून हसायला येतात, आता त्यांचीही मुलं येतात.

पुढच्या वर्षी आत्याबाईंनी द्वारकेला जायचं काढलं. नवा शंख घ्यायचा आणि जुना समुद्रात सोडायचा, असं घरून निघताना ठरलं होतं. तिथे शंखांची दुकानंच दुकानं. त्या एका दुकानापुढे बसून राहिल्या, पाच-सहा शंख हातात घेऊन पाहिले, गुलाबी, टोकदार, चकचकीत. दुकानदाराला म्हणाल्या, “इकतस तं इका, पन गिऱ्हाईकले सांगा, निंबू लावानं नही.” घेतला एकही नाही. जुनाही सोडला नाही. “आते हाऊ कोठे जाई, इतला पातळ,” म्हणून परत खणात गुंडाळला.

मग आम्ही पाण्याजवळ गेलो. मी समुद्र पहिल्यांदाच पाहत होते. तो मोठा असणार हे माहीत होतं, पण एवढा आवाज करतो हे कोणी सांगितलं नव्हतं. आत्याबाईंना वाळूत चालवेना, त्या पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, “वहू, जाय, चाखीसन ये.”

मी घोट्याभर पाण्यात गेले. बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. मागे वळून पाहिलं तर त्या मान उंच करून वाट पाहत होत्या.

“आंबट शे का?”

“नाही,” मी ओरडून सांगितलं. लाटांमुळे ओरडावंच लागत होतं. “खाराच शे.”

“मंग बरं शे,” त्या म्हणाल्या आणि शंख मांडीवर नीट घेतला.

मी तिथेच थोडा वेळ उभी राहिले. जिभेला कळत नाही, हे हेतलनं सांगितलं होतं. पहिली काही वर्षं मलाही शंखाकडे पाहून काही कळलं नव्हतं. पण ते आत्याबाईंना सांगायला मी गेले नाही. लाटांचा चर्र चर्र फेस पायावरून वाळूत जिरत होता, आणि मी खाली वाकून तो कान लावून ऐकला.